कात्रीबाई आणि ओसरीवाले

छापखान्यात त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचे कुणाला आठवत नाही. कात्रीबाई, एवढेच. तोंडावर कात्रीबाई आणि पाठीमागे त्याहून जरा तिखट काहीतरी. त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. "निदान कामावरून नाव ठेवलंत," त्या म्हणत, "तोंडावरून ठेवलं असतं तर मी कुणाकडे दाद मागणार होते?"

काम खरोखरच कात्रीचे होते. छापखाना रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरांचा. जाड पुठ्ठा, त्यावर वर्षभराच्या पानांचा गठ्ठा, पानावर भला मोठा आकडा आणि आकड्याखाली दोन ओळींची जागा. त्या दोन ओळी भरायच्या कात्रीबाईंनी. कधी विनोद, कधी खोकल्यावरचा उपाय, कधी शाईचा डाग काढायची युक्ती, कधी सुविचार. मजकूर कुठूनही येवो, लांबच यायचा, आणि जागा काही कुणासाठी वाढायची नाही. मग कात्रीबाई चष्मा सारखा करून लाल पेन्सिल उचलत. उपायातले 'चिमूटभर' काढायचे नाही, विनोदातला शेवटचा शब्द काढायचा नाही, बाकी सगळे काढता येते, हे त्यांचे शास्त्र. त्यांचे टेबल कागद कापायच्या मशीनला लागून होते. पाते खाली आले की टेबलावरचा चहा हलायचा. इतकी वर्षे तो हलणारा चहा पिऊन त्यांना घरचा स्थिर चहा बेचव लागे.

लग्न केले नाही. कुणी विचारलेच तर म्हणत, "स्थळं आली होती हो. पण मजकूर फार आणि अर्थ काही नाही."

खरे कारण त्या सांगत नसत, कारण ते दोन ओळींत बसणारे नव्हते. धाकटी बहीण आजारपणात गेली. मेव्हणे तिच्या आधीच गेलेले. मागे राहिली एक शाळकरी पोर. तिला कात्रीबाईंनी आपल्या दोन खोल्यांत आणले आणि लहानाचे मोठे केले. ही भाची म्हणजे डोळ्यांत पाण्याची टाकी घेऊन जन्माला आलेली. वहीचा कोपरा दुमडला तरी रडायची, रस्त्यावरचे मांजर भिजले तरी रडायची. "आज टाकी दुपारीच भरली वाटतं," मावशी म्हणे, आणि पोर रडता रडता हसे. पुढे ती शिकली, रक्त तपासायच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागली, तिने लग्न केले. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. उंच, अबोल, आणि सासूच्या जागी असलेल्या या बाईला "मावशी, तुमच्या पायऱ्या फार आहेत, एक लिफ्ट बसवून देतो" असे दर भेटीत सांगणारा. त्यांना मुलगी झाली. बाहुलीसारखी ठेंगणी आणि बोलायला वस्ताद, म्हणून तिला सगळे ठकी म्हणत. कात्रीबाई तिची मावशीआजी.

छापखान्याचे मोठे मालक होते तोवर खोकला, डाग आणि विनोद यांवर भागत होते. ते गेले आणि धाकटे मालक खुर्चीवर बसले. एके सकाळी ते हातातला फोन नाचवतच आत आले. फोनवर एक पिळदार माणूस बर्फाच्या पिंपात गळ्यापर्यंत बसून भाषण देत होता.

"स्टोइक, बाई, स्टोइक. पुढचं वर्ष यांचं."

"कोण हे? पिंपातले?"

"ते नाही हो. हे ज्यांचं सांगताहेत ते. जुने ग्रीक, मग रोमन. दोन हजार वर्षांपूर्वीचं तत्त्वज्ञान. कशाचंही काही वाटून घ्यायचं नाही."

"मग आपले बाइंडर जन्मापासून स्टोइकच," कात्रीबाई म्हणाल्या.

मशीनवर वाकलेल्या बाइंडरने मान वर केली. "मला काय म्हणालात?"

"चांगलंच म्हणाले."

"मग असू दे," म्हणून तो पुन्हा कागद रचू लागला.

कॅलेंडरचे नाव ठरले 'कणखर'. पानापानावर एक विचार. कात्रीबाईंनी वाचनालयातून जाडजूड भाषांतरे आणली आणि वाचायला बसल्या. आधी कपाळाला आठ्या घालून, मग हळूहळू आठ्या विसरून. हे लोक म्हणे एका रंगवलेल्या ओसरीवर जमून शिकवत, त्यावरून त्यांना ते नाव पडले, असे प्रस्तावनेत होते. कात्रीबाईंना ते फार आवडले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी 'स्टोइक' आला नाही, ओसरीवाले झाले. एक गुलामगिरीतून सुटलेला, एक राज्याचा गाडा ओढणारा, एक धनाढ्य आणि दमेकरी. जणू घरातले वडीलधारे दुपारी ओसरीवर बसून बोलताहेत आणि आपण दाराआडून ऐकतो आहोत, असे त्यांना होई.

आणि ती माणसे पिंपातल्या माणसासारखी मुळीच नव्हती. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही याचा निवाडा रोज करावा, हे तर ती सांगतच, त्यासाठी भांडतही. पण त्याला जोडूनच सांगत की माणूस माणसासाठी घडलेला आहे, एका अंगाचे अवयव असावेत तसा. बाप झालास तर बापासारखा वाग, भाऊ झालास तर भावासारखा. आणि दुःखाबद्दल ती सांगत की पहिला धक्का, उडालेला चेहऱ्याचा रंग, आपसूक आलेले पाणी, हे शहाण्याच्याही हातात नसते; त्यात कमीपणा नाही. त्यानंतर तू काय करतोस, ते तुझे. हा परिच्छेद कात्रीबाईंनी दोनदा वाचला आणि त्या पानात खुणेची चिठ्ठी घातली. बहीण गेली तेव्हा हे कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

मग त्यांनी लाल पेन्सिल उचलली. काम ते काम.

धाकट्या मालकांचा नियम साधा होता. "बाई, वाक्यात 'पण' आला की थांबा. माणूस तोंडात ब्रश धरून पान फाडतो. त्याला 'पण' झेपत नाही."

"ओसरीवाल्यांचा सगळा जीव त्या 'पण'च्या पुढे आहे, मालक."

"असेल. आपला जीव दोन ओळींत आहे."

त्या परिच्छेदाचे शेवटी असे झाले: 'रडण्याने गेलेले परत येत नाही. शहाणा डोळे पुसतो आणि कामाला लागतो.' मापात बसले. वाचायला ठसकेबाज होते. कात्रीबाईंनी स्वतःच दोनदा म्हणून पाहिले आणि मनाशी म्हणाल्या, जमले. इतक्या वर्षांच्या हाताला कापणे कळते, आणि चांगले कापले की आनंदही होतो. त्यात त्या वेळी त्यांना काही वावगे वाटले नाही.

'कणखर' धो धो खपले. व्यायामशाळांनी घेतले, कचेऱ्यांनी घेतले, एका बँकेने तर पेट्याच्या पेट्या नेल्या. एक प्रत कात्रीबाईंनी भाचीच्या स्वयंपाकघरात आपल्या हाताने टांगली.

त्याच वर्षी जावई गेला. एका इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करून झाली, हत्यारांची पिशवी बंद केली, आणि जिन्याच्या पायरीवर टेकला तो टेकलाच. लोक म्हणाले, लिफ्ट चालू झाली का ते पाहायलाही थांबला नाही.

पहिल्या दिवशी भाची रडली. जशी लहानपणी रडायची तशी, तोंड उघडे टाकून, आवाजाची लाज न धरता. कात्रीबाई तिला धरून बसल्या आणि ठकी दोघींच्या मध्ये. तेव्हा सगळे जसे व्हायला हवे तसे होत होते. आणि मग 'शहाणा डोळे पुसतो'चे ते पान आले.

कात्रीबाई त्या सकाळी तिथेच होत्या. भाची चहा ठेवायला उठली. सवयीने तिने आदल्या दिवसाचे पान फाडले आणि हातात चुरगळायच्या ऐवजी खालचे पान वाचत तशीच उभी राहिली. चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, मग चालू दिवसाचे पान हलक्या हाताने गठ्ठ्यातून सोडवले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. तोंड धुऊन आली. कात्रीबाईंनी परत आलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा पुसलेल्या ओट्यासारखा होता.

"मावशी," ती म्हणाली, "उद्यापासून मी कामावर जाते."

दोन दिवसांनी ती जावयाचे कपडे भरताना दिसली. निळा गणवेश घडी करून, हाताने दाबून, पेटीत.

"एवढी घाई काय आहे गं?" कात्रीबाई म्हणाल्या.

"घाई नाही. ठेवून काय करायचं?"

"माणसाचा वास राहतो कपड्यांना. राहू दे थोडे दिवस."

"म्हणूनच," भाची म्हणाली आणि झाकण लावले.

भेटायला येणारे तोंडात बोट घालून परत जात. "पोर किती धीराची! डोळ्याला पदर नाही." कुणी कात्रीबाईंकडे वळून म्हणे, "मावशीचं वळण हो." ते ऐकून कात्रीबाईंना कानाखाली बसल्यासारखे होई. दोन ओळी त्यांच्या. त्या ओळींवर आपली भाची अशी ताठ उभी, म्हणजे खुंटीवर टांगलेल्या कोटासारखी. आत कुणी नाही.

तरी मोठ्या माणसाचे एक वेळ ठीक. त्यांना घोर लागला तो ठकीचा.

"आपण काय ठरवलंय?" भाची विचारे.

"रडायचं नाही," ठकी म्हणे.

"का?"

"बाबा परत येत नाही त्यानं."

पाढा म्हणावा तसे. चुकले तर पहिल्यापासून.

ठकीची शाळेची रिक्षा पूर्वीपासून तिला छापखान्याच्या दारात सोडत असे. आई सुटेपर्यंत ती मावशीआजीच्या टेबलाखाली बसून रद्दी कागदांवर चित्रे काढायची. बाबा गेल्यानंतरही ती तशीच येऊ लागली. एका दुपारी तिने टेबलाखालून मान वर केली.

"मावशीआजी, इथलं आईला ऐकू येतं का?"

"इथलं? या मशीनपुढे माझं मला ऐकू येत नाही."

ठकीने विचार केला. "मग मी थोडं रडू?"

कात्रीबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "रड की."

"इथे नको. सगळे बघतात."

मशीनच्या मागे कतरणींची खोली होती. कापलेल्या कागदांच्या कडा पोत्यांत भरून तिथे टाकत. पांढऱ्या, कुरळ्या, हलक्या, माणूस बुडावा एवढ्या. कात्रीबाईंनी तिला तिथे नेऊन एका पोत्यावर बसवले. आपण जवळ बसू का, म्हणून विचारले. ठकी म्हणाली, "दारात बस. पण तिकडे तोंड कर." कात्रीबाई दारात बाहेर तोंड करून बसल्या. मागून आधी काहीच आले नाही. मग असा काही आवाज आला की एवढ्याशा पोरीत तो मावला कसा, असा प्रश्न पडावा.

बाइंडर कागद संपला म्हणून मशीन बंद करणार होता. त्याने खोलीकडे पाहिले, कात्रीबाईंकडे पाहिले, आणि हात मागे घेतला. पाते रिकाम्याच पाटावर आदळत राहिले. धाड, धाड, धाड.

"काय कापताय हो?" आतून धाकट्या मालकांनी ओरडून विचारले.

"धार बघतोय," बाइंडर म्हणाला.

थोड्या वेळाने ठकी बाहेर आली. केसांत कतरणी अडकलेल्या. "झालं," ती म्हणाली. "आता भूक लागली."

मग तो रिवाजच झाला. रोज नव्हे. कधी ठकी आत जाऊन तशीच परत येई. "आज येत नाहीये."

"नाही आलं तर नाही. जबरदस्ती थोडीच आहे?"

"उद्या दोन्ही दिवसांचं करीन," ती म्हणे, गृहपाठ राहिल्यासारखी.

हळूहळू ती आत बसून बोलूही लागली. बाबा तिला खांद्यावर बसवून लिफ्टची बटणे दाबायला लावायचा, ते. बाबाच्या हाताला ग्रीसचा वास यायचा, ते. कात्रीबाई तिच्याकडे पाठ फिरवून ऐकत आणि पदराने नाक पुसत. त्या खोलीत जे चालले होते ते ओसरीवाल्यांना मान्य झाले असते, याची त्यांना खात्री होती. भाचीला मात्र सांगायला हवे, हेही कळत होते. आज सांगू, उद्या सांगू. सांगायचे राहिले ते राहिलेच.

ठकीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचे म्हणून भाची एक दिवस लवकर आली. मशीन रिकामे आदळत होते. बाइंडरने तिला दारातच पाहिले आणि हात पसरून वाट अडवली.

"आत जाऊ नका ताई. उंदीर झालेत."

"उंदरांना माझ्या मुलीचा आवाज कधीपासून आला?" भाची म्हणाली.

तो बाजूला झाला. मशीन बंद केले. एकदम शांत झालेल्या त्या छापखान्यात ठकीचे रडणे उघडे पडले, अंगावरचे पांघरूण ओढल्यासारखे, आणि तेही झटकन थांबले.

भाचीने मुलीच्या केसांतल्या कतरणी एकेक करून काढल्या. तिला रिक्षात बसवून परत आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर कात्रीबाईंना बरे वाटले असते.

"कधीपासून चाललंय हे?"

"बरेच दिवस झाले."

"मी तिला घरी उभी करते आणि तू इथे बसवतेस."

"पोर आहे ती, बाळा. बाप गेलाय तिचा."

"मला सांगतेस?"

कात्रीबाईंनी टेबलाच्या खणातून ते जाड पुस्तक काढले. खूण घातलेलीच होती. "तू दारावर लावलंयस ना, ते पुरतं नाही गं. मुळात तसं नाहीच. मुळात ते म्हणतात की पाणी येणारच, ते आपल्या हातातलं नसतं, आणि त्यात काही..."

"मावशी." भाचीने पुस्तकावर हात ठेवला. "मग छापलं का नाहीस?"

"जागा नव्हती. दोनच ओळी असतात. मालक म्हणाले..."

"मलाही तेवढीच जागा आहे," ती म्हणाली. "सकाळी उठते, ते वाचते, आणि तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत जाते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायच्या असतात. माझा हात हलला तर सुई त्यांना लागते. आता तू मला उरलेलं वाचून दाखवू नकोस. मी एकदा बसले ना, तर उठायची नाही."

"लहानपणी बसायचीस. उठायचीस की."

"तेव्हा उठवायला तू होतीस."

"आता कुठे गेलेय मी?"

भाचीने त्यांच्याकडे नीट पाहिले. पांढरे केस, पेन्सिल धरून वाकडे झालेले बोट. "आता तू म्हातारी झालीस," ती म्हणाली. त्यात दुष्टावा नव्हता. रक्ताचा अहवाल वाचून दाखवावा तसे होते ते.

दुसऱ्या दिवसापासून शाळेची रिक्षा छापखान्याच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागली. ठकीला एका पाळणाघरात ठेवले होते. रिक्षा वळताना ठकी मागच्या फटीतून हात हलवायची. काही दिवसांनी तेही थांबले. कुणीतरी तिला पुढे बसायला सांगितले असावे.

कात्रीबाईंनी पुढच्या वर्षाच्या पानांवर जीव ओतला. तो परिच्छेद त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी मापात बसवून पाहिला. बसत नव्हता. मग त्या धाकट्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"एक पान मला पूर्ण द्या. आकडा बारीक करा, मजकूर सगळा छापू."

"आकडा बारीक? बाई, लोक कॅलेंडर तारखेसाठी घेतात."

"एकच पान, मालक. इतक्या वर्षांत मी काही मागितलं नाही."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मजकूर खरेच वाचला, ओठ हलवत. मग कागद परत दिला. "चांगलं आहे. पण हे वाचून माणूस कामाला जाणार नाही, खुर्चीत बसेल. आणि आपलं कॅलेंडर भिंतीवर असतं, तिथे खुर्ची नसते."

कात्रीबाई टेबलापाशी परतल्या. बाइंडरने न विचारता चहा आणून ठेवला.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"बाई, आपण दोघं जन्मभर कापतच आलो," तो म्हणाला. "तुम्ही वरून, मी कडेने. उरलं तेवढंच लोकांना दिसणार." मग आपण फार बोललो असे वाटून तो मशीनमागे गेला.

पाऊस संपता संपता भाचीचा फोन आला. लॅबची एक शाखा दूरच्या शहरात उघडत होती. तिने बदली मागून घेतली होती. इथल्या घरात प्रत्येक वस्तू काहीतरी बोलते, ती म्हणाली, आणि मला आता कुणाचे ऐकायचे नाही. कात्रीबाईंनी विचारले, "ठकीचं काय?" ती म्हणाली, "ठकी चांगली झाली आहे. शाळेतल्या बाई म्हणतात, वर्गात सगळ्यांत शहाणी." फोन ठेवल्यावर कात्रीबाई बराच वेळ त्या 'शहाणी'पाशी अडकून राहिल्या.

निघायच्या दिवशी त्या बसस्थानकावर गेल्या. भाची सामान टपावर चढवून घेत होती. कुठली पेटी खाली, कुठली वर, हमालाला नीट सांगत होती. वाळली होती. ठकी बाकावर पाय जुळवून बसली होती, मांडीवर दप्तर. वाढली होती, आणि तिच्या बसण्यात काहीतरी असे आले होते की ते पाहून कात्रीबाईंचा धीर सुटला. एवढ्या लहान मुलांनी असे बसायचे नसते.

त्या तिच्याजवळ टेकल्या. मनात ठरवले होते की पोरीसमोर काही करायचे नाही, भाचीच्या घरचा नियम एवढा एक दिवस पाळायचा. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

ठकी घाबरली नाही. तिने आधी आईकडे पाहिले. आई पाठमोरी होती. मग ती बाकावरून उतरली, मावशीआजीच्या समोर, रस्त्याकडे पाठ करून, आपले दप्तर दोन्ही हातांनी उंच धरून उभी राहिली. आडोसा करून.

"रड," ती हळूच म्हणाली. "मी आईला सांगणार नाही."

"आणि तू गं?" कात्रीबाईंनी कसेबसे विचारले. "तू तिकडे कुठे...?"

ठकीने थोडा विचार केला. दप्तर धरलेले हात दुखू लागले होते, तरी तिने ते खाली घेतले नाही. "आता मला येतच नाही," ती म्हणाली.

भाची आली. दप्तराआडचे सगळे तिने पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले. वाकून मावशीच्या पायांना हात लावला. तिचा हात गार होता. सरळ होताना तिचा तोल किंचित गेला, कात्रीबाईंनी दंड धरला, आणि क्षणभर, एका श्वासाइतका वेळ, भाचीचे सगळे वजन त्यांच्या हातावर आले. वाटले, आता बसेल. कात्रीबाईंनी बाकावर जागाही केली. मग वाहकाने घंटी दिली.

"पोचल्यावर फोन करते," ती म्हणाली, ठकीचा हात धरला आणि वर चढली. त्यांची खिडकी पलीकडच्या बाजूला होती.

गाडी गेली. तिच्या जागी दुसरी येऊन लागली, तीही भरून गेली. कात्रीबाई बसूनच होत्या. छापखान्यात अर्ध्या दिवसाची रजा सांगितली होती, ती कधीच संपून गेली होती. शेजारी एक गाठोडेवाली बाई येऊन बसली. तिने यांच्याकडे एकदा पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले.

"कुणाला सोडायला आला होता का?"

"भाचीला," कात्रीबाई म्हणाल्या. नेहमीप्रमाणे तेवढ्यावर थांबणार होत्या.

"सख्खी?"

"बहिणीची मुलगी. मी वाढवली." त्यांनी डोळे पुसले, पुन्हा भरले, मग पुसायचे सोडून दिले. "आमची बहीण, काय सांगू तुम्हाला, लहानपणी पायात चप्पल टिकायची नाही तिच्या. एक दिवस काय झालं..."

बाई ऐकत होती. गाठोडे मांडीवर घेऊन, अधूनमधून "अगंबाई" म्हणत. कात्रीबाई सांगत होत्या. चपलेचे सांगितले, बहिणीच्या लग्नाचे सांगितले, मांडवात कोण रुसले आणि कशावरून तेही सांगितले. बाईची गाडी लागली तेव्हा गोष्ट जेमतेम बहिणीच्या आजारपणापर्यंत आली होती.